केरबाच्या मागचा धूर

आंबेशिंगीत धूर वर जात नाही. ज्याच्या गुऱ्हाळाचा असेल त्याच्या मागून चालतो.

पूर्वी जायचा वर. तीन वर्षांपूर्वी सरकारी परिपत्रक आलं. त्याच्या सातव्या कलमात लिहिलं होतं की, यापुढे प्रत्येक गुऱ्हाळाचा धूर ही मालकाची जबाबदारी राहील व तो मालकाकडेच राहील. ग्रामसेवकानं तो कागद चावडीच्या भिंतीला चिकटवला. खळ वाळायच्या आत पाचही गुऱ्हाळांचे धूर आभाळातून खाली उतरले, ज्यानं त्यानं आपापला मालक शोधला आणि मागं येऊन उभे राहिले. लोकांनी दोन दिवस तोंडात बोटं घातली आणि तिसऱ्या दिवशी काढली, कारण ऊस तोडणीला आला होता आणि तोंडात बोट घालून कोयता चालत नाही.

तसा धुराचा काही उपद्रव नव्हता. देवळात तो पायरीशी थांबायचा. न्हाव्याकडं गेलं तर दाराबाहेर उभा राहायचा. लग्नाच्या पंगतीत तेवढी पंचाईत व्हायची, कारण मालकाच्या पानावर वाढायला कुणी जवळ यायचं नाही आणि बिचारा भातावरच उठायचा. बाकी सगळं सुरळीत होतं.

सगळ्यात उंच धूर केरबा मगदूमचा. केरबा अठ्ठावन्न वर्षांचा, वाळल्या उसासारखा सडपातळ आणि जातिवंत संशयी. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. केरबाचं तोंड कधी कशानंच पोळलं नव्हतं, तरी तो पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. देवळातला अंगारा आधी हुंगायचा, मग कपाळाला लावायचा. असल्या माणसाच्या पाठीशी काळाकुट्ट धूर कायमचा उभा करायचा म्हणजे सरकारनं त्याची थट्टाच मांडली होती. दर दहा पावलांना केरबा गर्रकन वळायचा. धूर थांबायचा. केरबा चालू लागला की धूर चालू लागायचा.

"काय बघतोस रं?" केरबा विचारायचा.

धूर काही बोलायचा नाही, आणि न बोलणाऱ्यावर केरबाचा सगळ्यात जास्त संशय.

"आवं, सरळ चाला की जरा," त्याची बायको इंदूबाई म्हणायची. "मान आखडंल एक दिवस. मग मलाच चोळत बसाय लागंल."

धुरावर धूरपट्टी होती. जितके हात उंच, तितकी पट्टी जास्त. वर्षातून दोनदा, कार्तिक सरताना आणि रथसप्तमीच्या आदल्या दिवशी, तालुक्याहून मोजणीदार तांबटबाई यायच्या. चावडीपुढच्या विजेच्या खांबावर पांढऱ्या रंगानं हातांच्या खुणा केल्या होत्या. मालकानं खांबाशी उभं राहायचं, धुरानं त्याच्या मागं ताठ राहायचं. वाकला तर फेरमोजणी. आणि खांबावर विसाव्या हाताला एक लाल रेघ होती. त्या रेघेवर धूर गेला की पट्टीबिट्टी काही नाही, गुऱ्हाळाला थेट सील.

यंदा कार्तिकाच्या मोजणीला गावातला दुसरा गुऱ्हाळवाला रंगराव बिरंजे एकटाच आला. म्हणजे अगदी एकटा. अंगात पांढरा शर्ट, तोही संध्याकाळपर्यंत पांढराच.

तांबटबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "बिरंजे, धूर कुठाय?"

"नाही."

"नाही म्हणजे? आणला नाही, की नाहीच? दोन्हीचे रकाने वेगळे आहेत."

"नाहीच, मॅडम. नवं चुलवाण बसवलं. वाफेचं. पोलादी दार, आत पंखा, जळण आपलं आपण सरकतं. धूर होतो चिमटीएवढा, आणि तो नळीतच बसून असतो."

"आणि जुना? सोळा हातांचा होता तो?"

"गेला."

"कुठं?"

"गेला म्हंजी गेला, मॅडम. कुठं गेला ते इचारणं आपलं काम न्हाई."

तांबटबाईंनी 'नाहीच' या रकान्यात बरोबरची खूण केली. केरबा रांगेत मागं उभा होता. त्यानं ते ऐकलं आणि त्याचे कान टवकारले. सोळा हातांचा धूर म्हणजे काय खिशातला रुमाल आहे, की कुठं पडला ते कळू नये? नंतर केरबाची मोजणी झाली. अठरा हात भरला. मागच्या खेपेला सोळाच होता, आणि टायर तर त्यानं तेवढेच जाळले होते.

टायरचं असं, की रस काढलेल्या उसाचं चिपाड ओलं असलं म्हणजे चुलवाण नीट पेट घेत नाही. चुलवाणावरच्या मोठ्या कढईतला, म्हणजे काहिलीतला, रस उकळायला दणदणीत जाळ लागतो. म्हणून गावात सगळेच जुने टायर आत ढकलायचे. टायरचा जाळ मोठा आणि धूर त्याच्याहून मोठा.

आठ दिवसांनी शहरातून सुनेत्रा केळकर आल्या. त्यांचं ग्राहक मंडळ होतं. मंडळातले लोक खाण्याआधी जिन्नस कुणी आणि कसा केला याची चौकशी करायचे आणि समाधान झालं तर चार पैसे जास्त मोजायचे. सुनेत्राबाईंनी गुळाला हातही लावला नाही. त्या मालकाच्या मागं काय उभं आहे तेवढंच बघायच्या. रंगरावच्या मागं काहीच नव्हतं. त्याचा सगळा गूळ त्यांनी जागेवर ठरवला. मग त्या केरबाच्या गुऱ्हाळावर आल्या.

"काका, तुमचा एक फोटो काढू?"

"कशापायी?" केरबानं विचारलं.

"आमच्या गुळाच्या खोक्यावर दोन चित्रं असतात. उजवीकडे आमचं गुऱ्हाळ. डावीकडे, जे आमचं नाही ते."

"डावीकडंचं कशाला पायजे?"

"तुलनेला," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. "नाहीतर लोकांना कळणार कसं, की आपण चांगलं खातोय?"

फोटो काढला. केरबाचं तोंड त्यात वांग्याएवढं आलं आणि वरचा सगळा कागद धुरानं भरला.

खोकी बाजारात गेली आणि गावची उरलेली तीन गुऱ्हाळंही महिनाभरात पालटली. पट्टी वाचते आणि वर गुळाला भाव येतो म्हटल्यावर कोण मागं राहतो? मार्गशीर्ष सरता सरता तिघांनीही वाफेची चुलवाणं बसवली, तिघेही पांढरे शर्ट घालून हिंडू लागले. गावात मागं धूर घेऊन फिरणारा एकटा केरबा उरला.

केरबालाही नवं चुलवाण नको होतं असं नाही. पण जुनं त्याच्या बापानं, दादू मगदूमनं, हातानं लिंपलेलं. मरताना म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं होतं, "चुलवाण पेटलंय न्हवं?" सील लागलं तर ते कायमचं विझणार. एका रात्री केरबा इंदूबाईपाशी हे उघड बोलला. "इंदे, मला भ्या वाटतंय बघ." अठ्ठावन्न वर्षांत भ्या वाटतं असं तो पहिल्यांदाच म्हणाला होता.

म्हणून त्यानं टायर बंद केले. एक टायर आत जाऊ दिला नाही. चिपाड आठ-आठ दिवस उन्हात पसरून खडखडीत वाळवलं. राख रोज काढली. आणि घरामागच्या माडावर खुणा करून रोज सकाळी धूर मोजला.

धूर एकोणीस हात भरला.

"ह्यात काय तरी काळंबेरं हाय," केरबा म्हणाला.

"धूरच त्यो. काळा असणारच की," इंदूबाई म्हणाली.

त्याच आठवड्यात रंगराव बिरंजे ट्रॉलीभर जुने टायर घेऊन दारात आला. शेजारी असून तीन वर्षांत त्यानं केरबाला चिमूटभर तंबाखू दिली नव्हती.

"तात्या, हे ठेवा तुमाला. फुकट."

केरबानं एक टायर हुंगला. "का?"

"आपली परंपरा हाय न्हवं. जुनं चुलवाण म्हंजी गावाची शोभा. तुमी ते बदलू नका बगा."

"मी टायर बंद केलेत."

रंगरावचा चेहरा पडला. "आसं करू नका, तात्या! खरं सांगू का? आमी चौघं बी पांढरं झालो, तसा आमचा भाव उतरला. बाई म्हणत्यात, सगळीच चांगली म्हटल्यावर ज्यादा कुणाला द्यायचं? आता डावीकडच्या चित्राला तुमीच ऱ्हायलासा. तुमी गेलासा की आमी बी गेलो." तो जवळ सरकला. "आन् तुमाला सील लागलं तरी आमचं वाटोळंच. तवा आसं करा, एकोणीसावर थांबा. वर जाऊ नका, खाली येऊ नका."

एवढा नेमका आकडा! केरबानं आपला एकोणीसचा आकडा बायकोशिवाय कुणाला सांगितला नव्हता. रंगरावनं त्याच्या माडावरच्या खुणा लांबून मोजल्या असणार. म्हणजे हा माणूस आपल्या धुरावर डोळा ठेवून आहे. आणि ज्याचा डोळा आपल्या धुरावर, त्याचा स्वतःचा धूर कुठं आहे? केरबानं टायर परत पाठवले आणि मनाशी खूणगाठ बांधली की रंगरावनं आपला धूर घरात कोंडून ठेवलाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो मळी काढायचा झारा मागायच्या निमित्तानं रंगरावच्या घरी गेला. रंगराव शेतात होता. त्याच्या बायकोनं झारा शोधेपर्यंत केरबानं कणगीत डोकावलं, माळ्यावर नजर टाकली, गोठ्यातली वैरण हलवून बघितली. रांजणाचं झाकण उचललं. आत लोणचं होतं.

"काय हुडकताय?" रंगरावच्या बायकोनं विचारलं.

"काय न्हाई. लोणचं झकास मुरलंय."

धूर कुठंच नव्हता. नव्या चुलवाणापाशीही जाऊन आला. पोलादी दार, कडी, त्यावर लाल पट्टी: 'चालू असताना उघडू नये'. केरबा बराच वेळ त्या दाराकडं बघत राहिला. त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, पण काय ते समजेना.

ते समजलं ते इंदूबाईमुळं.

आंबेशिंगीची एक जुनी रीत आहे. हंगामातल्या पहिल्या आधणाचा, म्हणजे पहिल्या काहिलीभर रसाचा, गूळ विकत नाहीत. त्याची ढेप घरात ठेवतात, आणि पुढं दर नव्या आधणाच्या वेळी मालक तिचा एक खडा आपल्या हातानं चुलवाणाच्या तोंडात टाकतो. चुलवाणाचा घास म्हणतात त्याला. केरबाचा बाप टाकायचा, केरबा टाकतो. यंदा तर धूर वाढायला लागल्यापासून केरबा भीतीनं दोन खडे टाकू लागला होता. न जाणो, धूर रुसला असेल, घास वाढवला तर शांत होईल.

त्या दिवशी इंदूबाईनं चहाला म्हणून त्या ढेपेतला खडा फोडला आणि उरलेला तुकडा पदरात बांधून ती धुणं घेऊन ओढ्यावर निघाली. धूर केरबाला सोडून तिच्या मागं चालू लागला. ओढ्यावर उभा राहिला, धुणं होईस्तोवर हलला नाही. बाईला सगळी लुगडी दोनदा धुवावी लागली.

"ह्याला गुळाची चटक लागलीय," ती तणतणत आली. "आन् आपला एकटा न्हाई, संगं आणिक चार हाईत मेले. एक डावीकडं कलतोय, एक खोकल्यागत थांबत थांबत येतोय. आपला एवढा गबाळा नव्हता!"

केरबा उडालाच. रंगरावचं जुनं धुराडं डावीकडं वाकलेलं होतं. त्यातून निघालेला त्याचा धूर जन्मभर डावीकडं कलून चालायचा, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

त्यानं नव्या आधणाच्या वेळी चुलवाणात घास टाकला आणि प्रथमच मागं न बघता बाजूला सरून बघितलं. आपल्या धुराच्या आडून एक कललेला धूर लाजत पुढं आला, गुळाच्या वासावर वाकला आणि परत मागं दडला. मग दुसरा आला. मग तिसरा. चौथा. केरबाला त्या पोलादी दाराचं कोडं सुटलं. त्या दाराला घास टाकायला जागाच नव्हती. चौघा मालकांनी चुलवाणं बंद केली आणि जुने धूर उपाशी पडले. भुकेल्याला कसलं गोत आणि कसली भावकी? जिथं घास पडतो तिथं आले. आणि केरबा भीतीनं दोन-दोन खडे टाकत बसलेला!

"आयला, मीच अन्नछत्र घातलंय की!" तो कपाळावर हात मारून म्हणाला.

माडावरची खूण साडेएकोणीस झाली होती. मोजणीला दहा दिवस होते. केरबा एस्टीनं तालुक्याला गेला. धूर टपावर बसून आला, कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं.

तांबटबाईंनी तक्रारीचा अर्ज दोनदा वाचला. "परका धूर पाठीशी लागल्याबाबत. मगदूम, तुम्ही हे धूर दत्तक घेतलेत का?"

"न्हाई, बाई."

"भाड्यानं?"

"न्हाई वो. आपले आपण आलेत."

"त्यांना जेवायला कोण घालतं?"

केरबानं टोपी काढून हातात घेतली.

"मग कसं म्हणता परके?" त्या शांतपणे म्हणाल्या. "कलम सात काय म्हणतं? धूर मालकाकडेच राहील. म्हणजे मोजणीच्या वेळी तो ज्याच्या मागं उभा, तोच मालक. तो कुठून आला हे आम्ही बघत नाही. मला वाईट वाटतं मगदूम, खरंच वाटतं. पण खांब जे सांगतो तेच मी लिहिणार."

"आन् त्यो मोजणीच्या येळंला दुसऱ्याच्या मागं गेला तर?"

"तर तो दुसऱ्याचा."

केरबानं अर्ज परत मागून घेतला, घडी केली आणि टोपीत ठेवला. येताना एस्टीत तो एकदाही मागं वळला नाही, आणि ते बघून त्याच्या शेजारचा ओळखीचा माणूस काळजीत पडला.

घास बंद करायचा एक मार्ग होता. उपाशी ठेवलं की चारी निघून जातील. पण मग पाचवाही जाईल, आणि तो बापाच्या चुलवाणाचा होता. शिवाय निघून जाणार कुठं? कुठल्या तरी गरिबाच्याच दाराशी. केरबानं घास चालू ठेवला, आणि इंदूबाईला म्हणाला, "यंदा तिळगूळ पहिल्या आधणाच्या ढेपेचा कर. लाडू मोठं बांध."

"बाई गं! यंदा एवढं गोड बोलायचंय कुणासंगट?"

"हाईत चौघं."

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी चावडीपुढं सगळे जमले. रंगराव आणि ते तिघं पांढऱ्या शर्टांत. सुनेत्राबाई नव्या खोक्यांसाठी फोटो काढायला आल्या होत्या. केरबा आला तेव्हा गर्दी आपोआप मागं सरकली. त्याच्या पाठीमागं धूर एकमेकांच्या खांद्यावर अर्धेमुर्धे चढून गच्च उभे होते आणि सगळ्यात वरच्याचं टोक लाल रेघेला शिवत होतं. ग्रामसेवकाच्या हातात सीलाची लाख तयार होती. इंदूबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं.

"बिरंजे, पुढं या," तांबटबाई म्हणाल्या.

"बाई, एक मिनिट," केरबा म्हणाला. "रथसप्तमी उद्या. तिळगूळ द्यायचा ऱ्हायलाय."

त्यानं डबा उघडला आणि रंगरावपुढं लाडू धरला. "तिळगूळ घे, गोड बोल."

रंगराव लाडवाकडं बघत राहिला. केरबा मगदूम आणि फुकट लाडू? "मोजणी झाल्यावर घेतो की, तात्या."

चावडीपुढच्या सगळ्या माना एकदम रंगरावकडं वळल्या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत पुढं केलेला तिळगूळ वैरीसुद्धा नाकारत नाही. सुनेत्राबाईंनीही फोटो काढणं थांबवलं. त्यांच्या खोक्यावर रंगरावच्या चित्राखाली 'परंपरा जपणारे गुऱ्हाळ' असं छापलेलं होतं.

"घे की, रंगराव," म्हातारे ओरडले. "सणाचा हाय!"

रंगरावनं हात पुढं केला. लाडू तळव्यावर पडला. केरबाच्या मागून डावीकडं कललेला धूर निघाला, मधली मोकळी जागा सावकाश ओलांडून गेला आणि रंगरावच्या पाठीशी, तीन वर्षं जिथं उभा राहायचा तिथं, उभा राहिला. पांढरा शर्ट करडा झाला.

"तिळगूळ घ्या, गोड बोला," केरबा उरलेल्या तिघांना म्हणाला. त्यांनी पाय मागं घेतले, पण मागं गाव उभं होतं. एकेकानं हात पुढं केला. एकेक धूर आपापल्या घरी गेला. खोकणारा तेवढा दोनदा वाटेत थांबला.

सुनेत्राबाईंनाही लाडू मिळाला. त्यांनी तो आवडीनं खाल्ला. त्या बोटं पुसत होत्या, तेवढ्यात केरबाच्या मागून एक लहानसा फिकट धूर बाहेर आला. तो कुणाच्याच ओळखीचा नव्हता. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि तो सुनेत्राबाईंच्या मागं जाऊन उभा राहिला.

"हा कुणाचा?" तांबटबाईंनी विचारलं.

चौघांनी आपापल्या मागं बघून घेतलं.

"खाणाऱ्याचा असंल," केरबा म्हणाला.

"खाणाऱ्यासाठी रकाना नाही."

"मग आखा की."

"पण आम्ही तर बिनधुराचाच गूळ घेतो," सुनेत्राबाई म्हणाल्या. "पहिल्यापासून!"

"ताई, खांबाशी उभ्या राहा," तांबटबाई म्हणाल्या. "ताठ. त्यालाही सांगा." धूर दीड हात भरला. त्यांनी तो शेऱ्यात लिहिला. "पट्टी इथं भरायची की शहरात, ते वर विचारून कळवू."

मग रंगराव नऊ हात. बाकीचे तिघं दहा, आठ आणि साडेआठ. रंगराव जाताना केरबाजवळ थांबला, काहीतरी कडू बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि तोंडात तिळगूळ आहे हे आठवून मिटलं.

शेवटी केरबा. तो खांबाशी उभा राहिला. तांबटबाईंनी चष्मा पुसला आणि परत बघितलं.

"सहा हात. गावात सगळ्यात कमी."

ग्रामसेवकानं लाख खिशात घातली. इंदूबाईनं तोंडातला पदर काढला आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडली. केरबाचेही डोळे भरले, पण ते धुरानं झालं असं त्यानं शेजारच्याला सांगितलं.

सुनेत्राबाई लगबगीनं आल्या. त्यांच्या मागून तो दीड हात आला. "काका, अभिनंदन! पुढच्या खोक्यावर उजवीकडे तुमचं चित्र."

केरबानं डोळे बारीक केले. "आन् डावीकडं कोण?"

त्यांनी रंगरावकडं बघितलं. रंगराव जमिनीकडं बघत होता.

"दोनीकडं मलाच लावा," केरबा म्हणाला. "माणूस त्योच हाय. गूळ बी त्योच."

सुनेत्राबाईंनी विचार करून कळवते म्हणून सांगितलं आणि त्या गाडीत बसल्या. धूर मागच्या सीटवर बसला. त्यांनी काच खाली केली. तो गेला नाही. मग त्यांनी काच वर केली आणि गाडी शहराकडं निघाली.

केरबा आणि इंदूबाई घराकडं चालू लागली. उन्हं कलली होती. दहा पावलं झाली तसा केरबा वळला. पुन्हा दहा पावलांवर वळला. टायर बंद, चिपाड वाळलेलं, आणि आधाराला उभे असलेले चौघं निघून गेलेले. त्याचा धूर पातळ झाला होता. त्याच्यातून चावडीचं दार आणि दारातली माणसं स्पष्ट दिसत होती.

"आता कशाला वळताय सारखं?" इंदूबाई म्हणाली. "टळलं न्हवं सील?"

"मागं ऱ्हातोय त्यो," केरबा म्हणाला.

त्यानं डब्यातला शेवटचा लाडू काढला आणि हात मागं केला. ओढ्याच्या चढावर दोघं थांबली, धूर येईपर्यंत.